पाळणा हलण्याआधी

घरात पाळणा हलणार ही वार्ता कळताच सारे घर एका व्यक्तीभोवती फिरू लागते. सुनेने काय खावे, किती विश्रांती घ्यावी, नाव कोणत्या रुग्णालयात नोंदवावे, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी केव्हा पाठवावे, याचा विचार सासूबाईंपासून नणंदेपर्यंत सर्वजण करतात. आणि ते योग्यच आहे. या गडबडीत होणाऱ्या पित्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्याचे काम पेढे वाटण्याचे आणि रुग्णालयाचे बिल भरण्याचे, असे घरानेही मानलेले असते आणि त्यानेही. वास्तविक या आठ-नऊ महिन्यांत पित्यालाही एक तयारी करायची असते. ती तयारी त्याच्या स्वतःच्या शरीराची आहे.

नेवासे तालुक्यातील सोनईसारख्या बाजारपेठेच्या गावात हा प्रश्न विशेष जाणवतो. मुळा कारखान्याला येणारा ऊस, शिंगणापूरला जाणारे भाविक आणि आसपासच्या खेड्यांतून खरेदीला येणारे शेतकरी यांवर इथली पेठ चालते. किराणा असो, कापड असो वा खते-बियाणे, दुकानदाराचा दिवस बसण्यात जातो. सकाळी गादीवर बसलेला तरुण दहा-बारा तासांनी उठतो. ग्राहकामागे एक चहा होतो, आणि दोनशे पावलांवरच्या बँकेत जाण्यासाठीही दुचाकी काढली जाते. तिशीला येईपर्यंत पट्ट्याचे शेवटचे छिद्रही अपुरे पडू लागते. वडिलांना मधुमेह, काकांना रक्तदाब, आजोबांना हृदयविकार ही यादी घरात सर्वांना पाठ असते. पण ती आपल्यापर्यंत येऊन ठेपली आहे, हे त्या तरुणाच्या मनाला शिवत नाही.

वजनकाटा सांगत नाही ते

या विषयात महाराष्ट्राने जगाला एक मोठी गोष्ट दाखवून दिली आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2004 साली प्रसिद्ध झाले. दोघांची उंची-वजनाची तुलना दाखवणारा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, अगदी सारखा होता : 22.3. शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांचे 9.1 टक्के आणि याज्ञिक यांचे 21.2 टक्के. दिसायला सडपातळ असलेल्या भारतीय माणसातही चरबी किती दडलेली असते, हे या दोन आकड्यांनी स्पष्ट केले.

डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांमध्ये गर्भवती माता आणि त्यांच्या बाळांचा दीर्घ अभ्यास केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे 3.5 किलो होते. आपली बाळे हडकुळी असूनही त्यांच्या शरीरात चरबीचा वाटा मात्र त्या मानाने कमी झालेला नव्हता. कमी होते ते स्नायू. म्हणजे मधुमेहाकडे झुकणारी शरीराची घडण जन्मापासूनच सोबत येते. म्हणूनच भारतीयांसाठी डॉक्टरांनी मोजमापे अधिक कडक ठरवली आहेत. बीएमआय 23च्या पुढे गेला की वजन जास्त, 25 झाला की स्थूलता; आणि पुरुषाच्या कमरेचा घेर 90 सेंटिमीटरच्या आत असावा. पाच फूट सात इंच उंचीच्या आणि 90 किलो वजनाच्या तरुणाचा बीएमआय 31 येतो. त्याला ‘खात्यापित्या घरचा’ म्हणून कौतुकाने पाहणाऱ्या घराने हा आकडाही पाहावा.

पिता होताना वजन आणखी वाढते, हेही नोंदले गेले आहे. अमेरिकेत दहा हजारांहून अधिक पुरुषांची वीस वर्षांची माहिती तपासून 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, मुलासोबत राहणाऱ्या नव्या पित्यांचा बीएमआय सरासरी 2.6 टक्क्यांनी वाढला. आपल्या घरांतून त्याचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही. डोहाळे पुरवण्यासाठी आणलेला पदार्थ पतीही खातो, आणि बाळंतिणीसाठी तुपात वळलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा घरातील सर्वांसाठीच उघडतो.

याउलट आशेची बाजूही तितकीच भक्कम आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 531 भारतीयांवर केलेला अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना आहारात सुधारणा आणि नियमित चालण्यासारखा व्यायाम यांचे मार्गदर्शन मिळाले, त्यांच्यापैकी सुमारे 39 टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांना असे मार्गदर्शन नव्हते त्यांच्यापैकी 55 टक्क्यांना. आनुवंशिकता टाळता येत नाही, पण तिला लांबवता येते.

धावण्यापूर्वी चालणे

उत्साहाच्या भरात नवशिका पहिल्याच दिवशी जोरात पळतो, दोन मिनिटांत धापा टाकतो, तिसऱ्या दिवशी गुडघा धरतो आणि चौथ्या दिवशी बूट कपाटात जातात. ही इच्छाशक्तीची उणीव नसून हिशेबाची चूक आहे. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीनपट भार पायावर येतो. 90 किलोच्या माणसाचा पाय म्हणजे प्रत्येक पावलाला दोन क्विंटलांहून अधिक ओझे झेलतो. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात. स्नायूबंध आणि हाडे यांना मात्र महिने लागतात. दम टिकू लागला म्हणून वेग वाढवला की पाय तक्रार करतात, ते याच कारणाने.

म्हणून पहिले पाऊल डॉक्टरांकडे. रक्तदाब, रक्तातील साखर, चरबी यांची तपासणी करावी. घरात कमी वयात हृदयविकार झाला असेल तर ते सांगावे आणि सल्ल्याप्रमाणे हृदयाची तपासणी करून घ्यावी. छातीत दडपण, चक्कर किंवा हाताकडे जाणारी वेदना जाणवली तर त्या क्षणी थांबावे. उद्या पाहू म्हणू नये.

त्यानंतर सहा आठवडे केवळ चालावे. साधूसाध्वींच्या विहारात काही मैल सोबत चालण्याची प्रथा आपल्या समाजात आहे. तेवढ्याच सहजतेने रोज अर्धा तास चालता आले की धावण्याचा पाया तयार झाला. मग अमेरिकेतील जॉश क्लार्क यांनी 1996 साली आखलेला, आता जगभर वापरला जाणारा नवशिक्यांचा क्रम घ्यावा. पाच मिनिटे भरभर चालावे. मग 60 सेकंद हळू धावावे, 90 सेकंद चालावे, आणि हे आलटून पालटून वीस मिनिटे करावे. आठवड्यातून तीनच दिवस. मधला दिवस विश्रांतीचा. पुढे धावण्याचा काळ थोडाथोडा वाढत जातो आणि नवव्या आठवड्यात सलग अर्धा तास धावता येते.

वजन जास्त असणाऱ्याने हे नऊ आठवडे अठरा करावेत, म्हणजे प्रत्येक आठवड्याचा पाठ दोनदा गिरवावा. गोड बातमी कळते तेव्हा प्रसूतीला साधारण बत्तीस आठवडे उरलेले असतात. सहा आठवडे चालण्याचे, अठरा या क्रमाचे आणि उरलेले आठ सवय मुरवण्याचे, असा हिशेब नेमका बसतो. वेग योग्य आहे की नाही, याची खूण सोपी आहे : धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. कोणी चालत पुढे निघून गेला तरी लाज वाटून घेऊ नये.

सोनईपासून जवळच्या बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात मांडवा नावाचे गाव आहे. तेथील शेतकरी कुटुंबात जन्मलेले अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेले, सियाचीनला राहिले. सैन्यात असताना त्यांचेही वजन वाढले होते. ते उतरवून ते धावपटू झाले. 2022च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांनी रौप्य आणि 2023च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. गादीवरच्या तरुणाला पदक मिळवायचे नाही. पण वाढलेले वजन ही कोणाच्याही आयुष्यातील शेवटची नोंद नसते, एवढे यातून घेता येते.

वाट आणि वेळ

गळीत हंगामात पहाटेच्या अंधारात उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. शनिवारी आणि शनी अमावास्येला शिंगणापूरकडे वाहनांची रीघ लागते. त्या दिवशी तो मार्ग टाळावा. उजेड झाल्यावर, समोरून येणारे वाहन दिसेल अशा बाजूने, उठून दिसणारा कपडा घालून निघावे. शाळा-महाविद्यालयाचे मैदान किंवा शेताकडची मातीची वाट मिळाली तर गुडघ्यांना डांबरापेक्षा ती बरी. बूट मात्र धावण्याचे घ्यावेत. एका समारंभाच्या पोशाखापेक्षा त्यांना कमीच खर्च येतो.

चौविहार आणि नवकारसी पाळणाऱ्यांनी पाण्याचा विचार आधी करावा. सूर्यास्तापासून सूर्योदयानंतर 48 मिनिटांपर्यंत पाणी घेतले नाही, तर आपल्या भागात उन्हाळ्यात सुमारे साडेअकरा तास आणि हिवाळ्यात चौदा तास शरीर पाण्याविना असते. थंडीत वीस मिनिटांची हलकी धाव अशा स्थितीत निभते. एप्रिल-मेमध्ये मात्र नवकारसी पारून, पाणी घेऊन थोड्या वेळाने निघावे, किंवा ऊन उतरल्यावर सूर्यास्तापूर्वी धावून मग जेवावे. उपवासाच्या दिवशी धावू नये; सावकाश चालणे पुरेसे आहे. पर्युषणात आठवडा खंड पडला तरी बिघडत नाही; फक्त परत सुरू करताना एक पायरी खाली उतरावे.

शाकाहारी कुटुंबांनी बी-12 या जीवनसत्त्वाकडेही पाहावे. पुण्याच्या त्याच अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये ते कमी आढळले होते. गरोदरपणात ज्यांचे बी-12 कमी आणि फॉलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी मधुमेहाकडे नेणारी लक्षणे अधिक दिसली. दूध, दही, ताक यांतून बी-12 मिळते, पण ते पुरेसे आहे का हे रक्ततपासणीच सांगते. पती-पत्नी दोघांनीही ती करावी. पित्याचा सततचा थकवा आणि पायांतील मुंग्या धावण्यामुळे नसून याच कमतरतेमुळे असू शकतात.

लाडू, काटा आणि कुटुंब

केवळ धावून वजन झपाट्याने उतरेल, ही अपेक्षा ठेवू नये. 90 किलोचा माणूस तीन किलोमीटर धावला तर साधारण 270 कॅलरी खर्च होतात, आणि दीड-दोन लाडवांत त्या परत येतात. म्हणून खर्चाबरोबर जमेकडेही लक्ष हवे : चहातील साखर, फरसाण, दुकान बंद केल्यावरचे उशिराचे जेवण. बत्तीस आठवड्यांत पाच-सहा किलो उतरले तरी ते मोठे यश आहे. काटा हलला नाही तरी कमरेचा घेर, रक्तदाब आणि साखर यांत फरक पडतो. महिन्यातून एकदा टेप लावून घेर लिहून ठेवावा.

यात एक सावधगिरी हवी. पत्नीला सकाळी मळमळत असताना, तिला आधाराची गरज असताना, पित्याने बूट चढवून निघून जाणे हे आरोग्य नव्हे. तिची सकाळ सांभाळून आपली वेळ ठरवावी. डॉक्टरांची अनुमती असेल तर गर्भवतीलाही चालणे हितकारकच असते. आठवड्यातील तीन दिवस त्याचे धावण्याचे असतील, तर उरलेल्या संध्याकाळी दोघांनी मिळून सावकाश चालावे. दिवसभर दुकानात अडकलेल्या पतीशी तिला निवांत बोलायला मिळण्याची ती कदाचित एकमेव वेळ असेल.

वडीलधाऱ्यांचेही साहाय्य लागते. दुकान उघडायला अर्धा तास उशीर होईल, तो वडिलांनी किंवा भावाने सांभाळावा. ‘पोरगा वाळला’ म्हणून आईने ताटात आग्रहाने वाढू नये. नात्यातल्यांनी त्याच्या धापांची थट्टा करू नये. थट्टेमुळे जितके जण घरी बसले आहेत, तितके गुडघ्यांमुळे बसलेले नाहीत.

बाळ घरी आल्यावर झोप मोडेल, वेळापत्रक कोलमडेल, काही आठवडे धावणे बंदही पडेल. त्यात अपराध मानू नये. त्या दिवसांत बाळाला कडेवर घेऊन फेऱ्या माराव्यात, रात्री त्याला जोजवण्याची पाळी स्वतः घ्यावी आणि पत्नीला झोपू द्यावे. घडी बसली की पुन्हा एक मिनिट धावणे, दीड मिनिट चालणे येथून आरंभ करावा. वर्ष-दीड वर्षात तेच मूल दुडुदुडु धावू लागते, आणि त्याच्यामागे धावण्याचे काम आजोबांवर न सोपवता पित्याला स्वतः करता आले पाहिजे. मुलाच्या नावाने ठेव ठेवण्याची, विमा उतरवण्याची आपल्या समाजात चांगली पद्धत आहे. त्याच्या वीस-पंचविसाव्या वर्षी त्याला सल्ला द्यायला वडील धडधाकट असावेत, याची तरतूदही याच महिन्यांत करायची असते.