पोरांच्या गळ्यातला अभंग

 

सध्या मोबाईलवर एक प्रकार फार ऐकू येतो. दहा-बारा वर्षांची पंधरा-वीस पोरं, पांढरे सदरे, कपाळाला गंध, हातात टाळ. अभंग जुनाच, पण मागे पखवाजाच्या जोडीला कीबोर्ड, ऑक्टोपॅड, कधी गिटारसुद्धा. गटाच्या बैठकीत हप्ते गोळा होईस्तोवर कुणाच्या तरी मोबाईलवर हेच चालू असतं. यावरून बायांचे दोन प्रश्न आले. एक, ही गाणी एवढी ओढून का घेतात? दुसरा प्रश्न खिशाचा आहे. पोरांच्या भजनाचं रेकॉर्डिंग करून देतो, एवढे एवढे पैसे द्या, असं म्हणत माणसं गावात येतात, त्यांना काय उत्तर द्यायचं? दोन्हींवर बोलते.

आधी गळ्याचं पाहू. आपल्या कंठात दोन लहानशा घड्या असतात, त्यांना स्वरतंतू म्हणतात. त्या जितक्या आखूड आणि पातळ, तितका आवाज उंच. लहानपणी पोराच्या आणि पोरीच्या स्वरतंतूंत फारसा फरक नसतो. डोळे मिटून ऐकलं तर आठ वर्षांचा पोरगा गातोय की पोरगी, हे भल्याभल्यांना ओळखता येत नाही. मग बारा-चौदाच्या सुमारास पोराचा कंठ वाढतो, गळ्यात मणी दिसायला लागतो, तंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. आपण म्हणतो, पोराला कंठ फुटला. पोरीचाही आवाज या वयात बदलतो, पण दोन-तीन सूरच खाली येतो.

आता पेटीवर या. बाप्ये मैफलीत सहसा काळी एक, पांढरी दोनच्या आसपास गातात. आपण बाया काळी चार, पांढरी पाचला. कंठ न फुटलेला पोरगा आपल्याच पट्टीत गातो. भीमसेन जोशींचा अभंग लावला की आपण हात जोडून ऐकतो, पण त्यांच्यासोबत म्हणायला गेलं तर आवाज एक तर खाली पुरत नाही, नाहीतर वर चिरकतो. पोरांचा अभंग लावला की भाकरी थापता थापता आपणही म्हणायला लागतो. मला विचाराल तर बायांना ही गाणी आवडण्याचं पहिलं कारण हेच आहे. भक्ती, निरागसपणा हे सगळं खरं, पण त्याआधी पट्टी जुळते.

दुसरं कारण एकत्र गाण्याचं. वीस पोरं एकच सूर लावतात तेव्हा कुणाचा केसभर वर असतो, कुणाचा केसभर खाली, कुणी क्षणभर मागे राहतो. त्या बारीक फरकांनी आवाज भरतो, रुंद होतो. त्यात दगडी देवळाच्या सभामंडपात आवाज भिंतींवर आपटून परत येतो, तो घुमारा कानाला देवळाची आठवण देतो. स्टुडिओत देऊळ नसतं. गादीसारख्या मऊ भिंतींच्या खोलीत कोरडा आवाज घेतात आणि नंतर यंत्रानं घुमारा घालतात. म्हणून खोलीत गायलेलं गाणं आपल्याला गाभाऱ्यातलं वाटतं. यात फसवणूक नाही, पण माहीत असलेलं बरं.

आता पोरंच का, पोरी का नाहीत? याची गोष्ट लांबून सुरू होते. युरोपात ख्रिस्ती देवळांत कित्येक शतकं बायांना गायकवृंदात उभं राहू देत नसत. उंच सूर हवा होता, बाई नको होती. मग पोरांना शिकवलं. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाचा पोरांचा गायकवृंद आपला आरंभ 1498 सालचा सांगतो, बादशहा मॅक्सिमिलियनच्या दरबारापासून. तो आजही गातो. त्याच गावच्या मोठ्या चर्चमध्ये हायडन नावाचा पुढे फार मोठा झालेला संगीतकार पोरवयात गायचा. आवाज फुटल्यावर त्याला तिथून जावं लागलं. इटलीत तर याहून भयंकर होतं. गोड गळ्याच्या गरीब घरच्या पोरांना, कंठ फुटू नये म्हणून, लहानपणीच खच्ची करत. अशा गायकांतला शेवटचा, अलेसांद्रो मोरेस्की, याचा आवाज 1902 आणि 1904 साली रोममध्ये तबकडीवर घेतला गेला, तो आजही ऐकायला मिळतो. मी ऐकला. परत लावायची इच्छा झाली नाही.

आपल्याकडे देवळात बाईच्या गळ्याला अशी बंदी नव्हती. मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई, कान्होपात्रा, बहिणाबाई यांचे अभंग आपण गातोच. पण नाटकात तेच झालं. घरंदाज बाईनं रंगमंचावर उभं राहायचं नाही, म्हणून कंपन्यांनी गोड गळ्याची पोरं धरून आणली. 1905 साली किर्लोस्कर मंडळीत आलेले बालगंधर्व तेव्हा सतराच्या आसपास होते. ते शकुंतला झाले, सुभद्रा झाले, आणि घरोघरच्या बायांनी त्यांचं नेसणं-नटणं उचललं! जिथं बाईला दार बंद झालं, तिथं पोराचा गळा पुढे आला, हे दोन्हीकडे सारखंच.

देवाचं गाणं आणि आजचा साज यांच्या मिश्रणाचंही तसंच, ते काही मोबाईलनं आणलेलं नाही. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून पोरांना सूर वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. तिथली पोरं मोठी होऊन मुंबईला आली आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसली. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना करणारे सेबॅस्टियन डिसूझा गोव्याचेच, प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विसही गोव्याचेच. सिनेमातल्या भजनामागे जे व्हायोलिनचे ताफे ऐकू येतात, त्यांची तालीम अशी चर्चमधून आली.

लंडनच्या दक्षिण भागात लिबेरा नावाचा पोरांचा गट आहे. नॉरबरी भागातल्या एका साध्या चर्चमधून तो निघाला. रॉबर्ट प्राइझमन यांनी त्याला घडवलं, ते 2021 साली वारले. सात ते सोळाच्या आसपासची ही पोरं साध्या शाळांत जातात आणि संध्याकाळी तालमीला येतात. लॅटिन भाषेतली जुनी प्रार्थना घ्यायची, तिला कीबोर्डचा सावकाश पसरणारा साज द्यायचा आणि वर पोरांचे उंच सूर थर लावल्यासारखे ठेवायचे, ही त्यांची रीत. शब्द कळत नाहीत, तरी जपानपासून अमेरिकेपर्यंत लोक ऐकतात. आपल्याकडच्या पोरांच्या अभंगांचंही थोडंफार असंच आहे, फरक एवढाच की आपल्याला शब्द कळतात. म्हणून जबाबदारीही जास्त.

कारण मिश्रण बिघडतं ते इथंच. वारकरी गाण्याची शिस्त मोठी आहे. जोग महाराजांनी 1917 साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथं चार वर्षं ज्ञानेश्वरी, गाथा, पाठांतर, चाली हे सगळं पक्कं करून घेतात. आपल्या जिल्ह्यातली शेगावची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा पाहा, पांढऱ्या कपड्यातले वारकरी एका ओळीत, टाळ एका वेळी पडतो, पाऊल एका वेळी. त्या शिस्तीतला पखवाज काढून फक्त ऑक्टोपॅडचा ठोका ठेवला की अभंग वरातीत गेल्यासारखा होतो. अजय-अतुल यांचं 2014 सालच्या ‘लय भारी’ सिनेमातलं ‘माउली माउली’ आपल्याला पटतं, कारण त्या एवढ्या मोठ्या साजातही टाळ-मृदंग मागे पडत नाही. माझी कसोटी साधी आहे. कीबोर्ड मनातून काढून टाकला तर भजन उरतं का? उरत असेल तर नवा साज खुशाल असू द्या.

आता रेकॉर्डिंगवाल्या माणसाकडे येऊ. अभंगाचे शब्द सगळ्यांचे आहेत. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क चालतो, आणि तुकोबा, नामदेव यांना जाऊन शतकं झाली. चालीचं मात्र वेगळं. पुष्कळ चाली आपण पारंपरिक समजून म्हणतो आणि त्या कुणीतरी अलीकडेच बसवलेल्या असतात. भीमसेनांचा ‘तीर्थ विठ्ठल’ घ्या, शब्द नामदेवांचे, पण चाल आकाशवाणीतल्या राम फाटक यांची. अशी चाल देवळात म्हणायला कुणी अडवत नाही, पण रेकॉर्ड करून त्यावर पैसे मिळवायचे तर चालीच्या मालकाची परवानगी लागते. म्हणून पोरांना गावातली, सप्ताहातली जुनी चाल द्या. ती तुमचीच आहे आणि ऐकायला नवीनही वाटेल.

पोरांचाही हक्क आहे. गाणाऱ्यालाही कायद्यानं हक्क असतो, तो लहान असला तरी. पण अठराच्या आतल्या पोराची सही कायद्यात चालत नाही, आई-बाप किंवा पालकाची लागते. त्यामुळे कागद आपल्यासमोर येणारच. तो मराठीत मागा. व्हिडिओ कुणाच्या खात्यावर चढणार, त्यावर जाहिरातीचे पैसे आले तर कुणाला, काढून टाका म्हटलं तर काढणार का, हे तीन प्रश्न विचारा. ‘सगळे हक्क कायमचे दिले’ असं लिहिलं असेल तर सही करू नका. आणि पोराचं पूर्ण नाव, शाळा, गाव असं सगळं व्हिडिओखाली लिहू देऊ नका.

पोराला शिकायला बाहेरगावी ठेवायचं म्हटलं तर आणखी एक बघा. आळंदीला चांगल्या संस्था आहेत, तशाच परवानगी नसलेल्या खासगी जागाही निघाल्या आहेत आणि मुलांवरच्या अत्याचाराच्या तक्रारी पोलिसांपर्यंत गेल्या आहेत. नोंदणी विचारा, झोपायची खोली डोळ्यांनी पाहा, पोराशी फोनवर एकटं बोलता येईल का ते ठरवून घ्या. मुलांच्या मदतीचा नंबर 1098, पैसे पडत नाहीत.

मला सगळ्यात जास्त काळजी कंठाची वाटते. सप्ताहात पट्टी उंच धरायची हौस असते, आणि कालपर्यंत वर गाणारा पोरगा तेरा-चौदाचा झाला तरी त्याला तिथंच ताणायला लावतात. गळ्यातल्या शिरा ताठ, चेहरा लाल, सूर फाटलेला, आणि समोरचे लोक हसतात. या वयात ओरडून गायला लावलं तर आवाज बसतो, आणि कित्येक पोरं लाजेनं गाणंच सोडतात. त्याला दीड-दोन वर्षं खालच्या सुरात हळू म्हणू द्या, हातात पखवाज द्या, वीणा द्या, चोपदार करा. मंडळातून काढू नका. आवाज स्थिरावला की तो परत गाईल, दुसऱ्या पट्टीत.

आणि त्याची वरची जागा रिकामी झाली तर तिथं त्याची बहीण उभी करा. 2009 साली ‘लिटल चॅम्प्स’ जिंकणारी कार्तिकी गायकवाड आळंदीचीच होती. तिचा ठसकेबाज गळा सगळ्या महाराष्ट्रानं ऐकला, पोरीनं अभंग कसा गावा असं कुणी विचारलं नाही. इंग्लंडात सॅलिसबरीच्या जुन्या चर्चनं 1991 साली पोरींचा वेगळा गायकवृंद सुरू केला, मग इतरांनीही काढले. आपल्या गावात तर हरिपाठाला पोरी येतातच. फक्त माईक आला, कॅमेरा आला की त्यांना मागे बसवतात.

रेकॉर्डिंगला पैसे नसतील तर घरीच करून पाहा. पत्र्याच्या घरात नको, आवाज झणझणतो. स्लॅबची खोली घ्या, दोन भिंतींना गोधड्या टांगा, पंखा बंद करा, मोबाईल विमान मोडवर टाका म्हणजे मध्येच फोन येणार नाही. मोबाईल पोरांच्या तोंडाच्या उंचीला, चार-पाच हात लांब ठेवा. लहान गळे पुढे, मोठे मागे. पखवाज बाजूला. टाळ एकच जोड, तोही सगळ्यांत मागे, कारण मोबाईलला टाळ फार मोठा ऐकू येतो आणि पोरांचा आवाज त्याखाली दबतो.