दिवा विझला, पण झडप मिटली का?

गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप तुम्ही पाहिला असेल. बटण दाबले की स्टार्टरच्या पेटीवर लाल दिवा लागतो आणि आपण म्हणतो, पाणी चढू लागले! पण जरा विचार करा, तो दिवा जोडलेला कशाला असतो? विजेच्या तारेला. वीज आली, एवढेच तो सांगतो. पंपात पाणी आहे की नुसती हवा, हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. घरी यामुळे फार तर मोटार जळेल. पण अशाच एका दिव्यामुळे एकदा अख्खी अणुभट्टी निकामी झाली.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, सस्क्वेहाना नदीतल्या थ्री माइल आयलंड या बेटावर अणुवीज केंद्र होते. त्याच्या भट्टीत पाण्याची दोन मंडले होती. पहिल्यातले पाणी भट्टीतली उष्णता घेऊन येई व दुसऱ्यातल्या पाण्याला देई. या दुसऱ्या पाण्याची वाफ होऊन टर्बाइन फिरे. पहिल्या मंडलातले पाणी ३०० अंश सेल्सिअसहून तापलेले, तरी ते उकळत नसे. कारण त्यावर सुमारे १५० वातावरणांचा दाब असे. प्रेशर कुकरचेच तत्त्व, फक्त मोठ्या प्रमाणावर.

२८ मार्च १९७९ रोजी पहाटे चारच्या सुमारास दुसऱ्या मंडलाला पाणी पुरवणारे पंप बंद पडले. उष्णता वाहून न्यायला कोणी नाही, म्हणून पहिल्या मंडलात दाब वाढला. दाब सोडणारी झडप आपोआप उघडली, काही सेकंदांत भट्टीही आपोआप थांबली. येथवर सारे ठरल्याप्रमाणे घडले. दाब उतरल्यावर झडप मिटायला हवी होती, ती मात्र उघडीच अडकून राहिली.

नियंत्रण कक्षात त्या झडपेचा दिवा होता. तो विझला आणि चालकांनी साहजिकच मानले की झडप मिटली. वस्तुतः तो दिवा झडपेला जोडलेलाच नव्हता. झडपेला हुकूम देणाऱ्या विद्युत्-चुंबकाच्या मंडलाला जोडलेला होता. ‘मीट’ असा हुकूम गेला, हे त्याने खरेच सांगितले. हुकूम पाळला गेला की नाही, ते सांगणारे कोणी नव्हते.

भट्टी थांबली म्हणजे ती थंड झाली, असे समजू नका. किरणोत्सर्गी द्रव्यांच्या क्षयामुळे उष्णता निघतच राहते. सुरुवातीला ती मूळ उष्णतेच्या शेकडा सहाच्या आसपास असते. २,७०० मेगावॅटचे शेकडा सहा किती, ते तुम्हीच काढा! इकडे उघड्या झडपेतून पाणी निसटत होते, दाब घसरत होता आणि पाणी भट्टीतच उकळू लागले. वाफेने पाणी ढकलल्यामुळे दाब राखणाऱ्या टाकीतली पातळी उलट चढलेली दिसे. भट्टीत किती पाणी उरले ते थेट दाखवणारे उपकरणच नव्हते. चालकांना वाटले पाणी जास्त झाले, म्हणून त्यांनी आपत्कालीन पाणी कमी केले.

एक पुरावा मात्र होता. झडपेपुढच्या नळाचे तापमान चढलेले दिसत होते. पण तेथली एखादी झडप पूर्वीपासूनच थोडी गळत असल्याने तो आकडा चढा असण्याची सर्वांना सवय झाली होती. माझ्या मते सगळ्यांत बोधप्रद गोष्ट हीच आहे. गळती दुरुस्त न केल्याने केवळ पाणी वाया गेले नाही, तर एक चांगला साक्षीदारही फुकट गेला.

६ वाजून २२ मिनिटांनी चालकांनी त्याच मार्गावरची दुसरी झडप बंद केली आणि गळती थांबली. तोवर इंधन उघडे पडले होते. पुढे काही वर्षांनी आत पाहता आले, तेव्हा सुमारे निम्मा गाभा वितळल्याचे दिसले. बाहेर किरणोत्सर्ग थोडाच गेला, जीवितहानी झाली नाही. पण ती भट्टी पुन्हा कधी चालली नाही.

आता थोडे गणित. एखादा मार्ग १०० पैकी एकदा दगा देतो, म्हणून आपण जोडीला दुसरा ठेवतो. दोन्ही एकदम बिघडण्याची संभाव्यता १०,००० त एक, असे पुस्तकी उत्तर येते. ते दोन बिघाड परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच बरोबर! त्याच पहाटे राखीव पंप सुरू झाले, पण त्यांच्या दोन्ही नळांवरच्या झडपा बंद आढळल्या. एका झडपेचा दिवा तर देखभालीच्या चिठ्ठीखाली झाकला गेला होता. आठ मिनिटांनी हे लक्षात आले. दोन्ही मार्ग एकाच कारणाने बंद होऊ शकत असतील, तर १०,००० हा आकडा कागदावरच राहतो.

चौकशी आयोगाचे अध्यक्ष जॉन केमेनी हे गणितज्ञ होते. बेसिक ही संगणकभाषा घडवणाऱ्या दोघांपैकी ते एक. यानंतर अशा झडपांची प्रत्यक्ष स्थिती दाखवणारी योजना सक्तीची झाली.

विशेष म्हणजे, १९७७ च्या सप्टेंबरात ओहायोतील डेव्हिस-बेसी केंद्रात अशीच झडप अशीच उघडी अडकली होती. तेथे भट्टी अगदी कमी शक्तीवर चालू होती आणि चालकांनी सुमारे वीस मिनिटांत बिघाड ओळखला. काही अभियंत्यांनी तेव्हाच लेखी इशारे दिले. थ्री माइल आयलंडच्या चालकांपर्यंत ते पोहोचलेच नाहीत.