सेकंदाला चौदा माणसं

चक्रीवादळाचा कुठलाही आकडा घ्या, तो डोक्यात मावत नाही. चला, एकेक मापून पाहू!

आधी पाऊस. सर्वसाधारण चक्रीवादळ दिवसाला सुमारे 21 अब्ज घनमीटर पाणी ओततं. सहा मीटर रुंदीची, दहा मीटर पाणी असलेली विहीर डोळ्यांसमोर आणा. अशा सात कोटींहून जास्त विहिरी! काठोकाठ भरलेलं कोयना धरण सात वेळा रितं करा, तेव्हा कुठे एका दिवसाचा हिशेब जुळेल.

आता वारा. 3 मे 2019 रोजी ‘फनी’ चक्रीवादळ ओडिशात पुरीजवळ धडकलं, तेव्हा वाऱ्याचे झोत ताशी 205 किलोमीटरपर्यंत गेले. या वेगानं मुंबईहून सरळ रेषेत निघालात, तर पाऊण तासाच्या आत पुणं! असा झोत एक मीटर रुंद, दोन मीटर उंच दारावर थेट आदळला, तर भार पडतो सुमारे चारशे किलोंचा. पन्नास किलोंची आठ पोती एकदम अंगावर! कुडाच्या भिंती, पत्र्याचं छप्पर काय टिकणार? तिथली माणसं आधीच हलवायला हवीत.

आणि ओडिशानं ती हलवली. किती? 12 लाख! रेल्वेच्या 72 बर्थच्या डब्यात प्रत्येकाला एक बर्थ द्यायचा म्हटलं, तर साडेसोळा हजारांहून जास्त डबे लागतील. ते एकामागे एक जोडले, तर गाडीची लांबी साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे! मुंबई-पुणे लोहमार्ग 192 किलोमीटरचा. म्हणजे जाणारा आणि येणारा, दोन्ही रूळ जवळजवळ भरले!

हे सगळं किती वेळात? 24 तासांत! म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 माणसं. हे वाक्य वाचेपर्यंत पन्नासएक जण सुरक्षित जागी पोचले असते. त्यासाठी 26 लाख मोबाइल संदेश गेले, 40 हजारांवर स्वयंसेवक गावोगाव फिरले. एका रात्रीत सुमारे 9,000 निवारे उघडले, 7,000 स्वयंपाकघरं पेटली. माणशी दोन जेवणं धरली, तरी दिवसाला 24 लाख ताटं!

ही तयारी रातोरात उगवलेली नाही. 29 ऑक्टोबर 1999 च्या महाचक्रीवादळानं याच किनाऱ्यावर सुमारे 10,000 माणसं नेली. त्यानंतर राज्यानं आपत्ती व्यवस्थापनाची स्वतंत्र यंत्रणा उभारली, किनाऱ्यावर पक्के निवारे बांधले, गावागावांत सराव घेतले. वीस वर्षं हे चालू राहिलं. ‘फनी’त ओडिशात 64 जीव गेले. त्यातला एकेक मोलाचा. पण कुठे दहा हजार आणि कुठे चौसष्ट!

आपल्या महाराष्ट्राचा किनाराही सातशे किलोमीटरहून लांब आहे, आणि 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात आदळलं होतं. वादळाचा एकही आकडा आपल्याला कमी करता येत नाही. मृतांचा मात्र येतो, तोही दीडशे पटींनी, हे ओडिशानं करून दाखवलं आहे!