आधी विचारा, विकर कुणाचं?

व्होग्लिबोस हे नाव आमच्या बेला मंडलात आता कुणाला नवं नाही. मधुमेहावरची ही गोळी जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची, हे माझ्या आईसारख्या पैनगंगाकाठच्या कित्येक बायांना पाठ आहे. पहिल्या घासाबरोबरच का, हे मात्र त्यांना सहसा कुणी सांगत नाही. मी आदिलाबादला रसायनशास्त्र शिकवते आणि त्याआधी हैदराबादच्या प्रयोगशाळेत याच कामाची नवी संयुगं घडवायला शिकले. म्हणून हे सांगणं मला माझं कर्तव्य वाटतं.

ज्वारीची भाकरी असो की भात, त्यातल्या पिष्टाचे आधी अमायलेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, बारीक तुकडे करतं. मग लहान आतड्याच्या अस्तरावरची अल्फा-ग्लुकोसिडेज विकरं त्या तुकड्यांतून ग्लुकोज सुटं करतात आणि ते रक्तात जातं. ही शेवटची पायरी मंदावली की जेवणानंतरची साखर एकदम उसळत नाही, सावकाश चढते. अन्न आतड्यात येताना विकराला अडवणारं हे रोधक औषध तिथे हजर हवं, म्हणून पहिला घास. या गटातलं अकार्बोज १९९० मध्ये जर्मनीत बाजारात आलं, तर व्होग्लिबोस १९९४ मध्ये जपानमध्ये. दोन्ही उपयोगी आहेत, पण न पचलेलं पिष्ट मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या तावडीत सापडतं आणि पोट फुगतं, वायू धरतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. अधिक चांगल्या रोधकाचा शोध चालू आहे तो त्यांच्यासाठी.

त्या शोधातली एक वाट म्हणजे संकरित संयुगं. ज्यांचा विकरावर परिणाम दिसला आहे असे दोन रासायनिक सांगाडे निवडायचे, समजा क्यूमारिन आणि थायाझोल, आणि मधे ट्रायाझोलचं कडं घालून ते एका रेणूत जोडायचे. विकराच्या खोबणीत एक टोक एका जागी धरेल, दुसरं दुसऱ्या जागी, ही त्यामागची अपेक्षा. अझाइड आणि अल्काइन यांना तांब्याच्या मदतीने झटपट जोडणाऱ्या ज्या ‘क्लिक’ रसायनाला २०२२ चं नोबेल मिळालं, तेच इथे कामी येतं. संगणकावर रेणू खोबणीत बसवून बघता येतो, पण तो अंदाजच. खरं काम काचेच्या चंबूत चालतं. पदार्थ वेगळे करून दाखवणाऱ्या टीएलसीच्या पट्टीवर अतिनील दिव्याखाली डाग बघायचे, सिलिकाच्या कॉलममधून पदार्थ शुद्ध करायचा आणि रेणूची रचना दाखवणाऱ्या एनएमआरने त्याची ओळख पटवायची.

मग चाचणी. ग्लुकोजला पॅरा-नायट्रोफेनॉल जोडलेला एक रंगहीन पदार्थ विकराला तोडायला देतात. तो तुटला की द्रावण पिवळं होतं. आपलं संयुग घातल्यावर पिवळेपणा जितका कमी, तितका रोध जास्त. विकराचं काम निम्म्यावर आणायला किती मात्रा लागली, तो आकडा म्हणजे आयसी-५०. संयुग स्वतःच पिवळं असेल तर यंत्र फसतं, म्हणून विकराशिवायची जोडचाचणी हवीच.

सगळ्यात मोठी फसगत मात्र पुढे आहे. बहुतेक प्रयोगशाळा ही चाचणी यीस्टच्या विकरावर करतात, कारण ते स्वस्त असतं आणि तयार मिळतं. १८९४ मध्ये एमिल फिशरने कुलूप-किल्लीची प्रसिद्ध उपमा दिली, तीही यीस्टचं विकर एका घडणीच्या ग्लुकोसाइडला तोडतं आणि जरा वेगळ्या घडणीच्याला शिवतही नाही, अशा निरीक्षणांवरून. माणसाच्या आतड्यातलं विकर यीस्टच्या विकराहून वेगळ्या कुळातलं आहे. अकार्बोज आतड्यातल्या विकराला जोरात अडवतं, यीस्टच्या विकरापुढे मात्र ते फिकं पडतं. म्हणून यीस्टच्या चाचणीत अकार्बोजला शेकडो संयुगं सहज मागे टाकतात आणि ‘अकार्बोजपेक्षा कित्येक पट प्रभावी’ असा मथळा झळकतो. ती जिंकलेली असतात भलत्याच कुलुपाविरुद्ध.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते, यीस्टवर निवड जरूर करा, पण दावा करण्यापूर्वी उंदराच्या आतड्यातल्या किंवा माणसाच्या विकरावर तपासा. शिवाय अमायलेजवर रोध सौम्य आहे ना, हेही बघा. पिष्ट अगदीच न पचता पुढे गेलं तर पोटाचा त्रास वाढतो. त्यानंतरही विषारीपणाची परीक्षा, प्राणी आणि माणसं, असा कित्येक वर्षांचा रस्ता उरतो. आमच्या भागातल्या हुशार पोरांनी या कामात यावं, पण हा प्रामाणिकपणा घेऊन यावं.

आणि ज्यांच्या घरात ही गोळी आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट. अकार्बोज किंवा व्होग्लिबोससोबत ग्लिमेपिराइडसारखी गोळी वा इन्सुलिन चालू असेल, तर साखर घसरून घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. अशा वेळी आपण चमचाभर साखर तोंडात घालतो. पण साखर फोडणारं आतड्यातलं विकरही याच औषधाने अडवलेलं असतं, त्यामुळे तिचा उपयोग उशिरा होतो. थेट ग्लुकोज द्या. त्याला कोणत्याही विकराची गरज पडत नाही. आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तडक दवाखाना गाठा. औषधाच्या दुकानातून ग्लुकोज पावडरचं पाकीट आजच आणा आणि ते कुठे ठेवलं आहे, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.