केळीचा हिवाळा

भंडारा जिल्हा तळ्यांचा आणि धानाचा. येथे परसात न्हाणीच्या पाण्यावर केळ वाढवण्याची आपली जुनी चाल. परंतु पौषात उत्तरेचा वारा सुटून पारा दहा अंशांखाली उतरला की पाने करपतात, आणि केळ मेली असे समजून आपण कुऱ्हाड उचलतो. ही घाई बरी नव्हे.

ज्याला आपण केळीचे खोड म्हणतो, ती पानांच्या देठांची गुंडाळी असते. खरे खोड म्हणजे जमिनीतील कंद. पाने जळाली तरी तो मातीच्या उबेत जगतो. थंड देशांतील बागवान याच भरवशावर जपानी केळ लावतात व हिवाळ्यापूर्वी तिला पेंढ्यात गुंडाळतात.

आपल्याकडे तणसाला काय तोटा? बुंध्याभोवती तिचा वीतभर थर द्यावा. कडाक्याच्या रात्री विहिरीचे कोमट पाणी सोडावे. ओली माती ऊब धरते. वाऱ्याच्या बाजूस शेवरी लावावी. करपलेली पानेही थंडी सरेपर्यंत राहू द्यावीत. तेच केळीचे पांघरूण.

लागवडीची वेळही साधली पाहिजे. केळफूल यायला नऊ-दहा महिने लागतात. फाल्गुनात लावलेली केळ ऐन थंडीत निसवते आणि घड गळ्यात अडकतो. मृगात लावलेली थंडी उलटल्यावर निसवते.

म्हणून होळीपर्यंत थांबू या. मधून हिरवी सुरळी निघाली, तर खांब जगला. न निघाल्यास तो जमिनीलगत कापावा. कंद मुनवे देईल.