दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे!

लोकशाही म्हणजे काय, हे जगाला शिकवण्याचा मक्ता जणू अमेरिकेने घेतला आहे. कुठे निवडणुकीत घोटाळा झाला, कुठे वर्तमानपत्रांची गळचेपी झाली, की वॉशिंग्टनहून उपदेश सुरू होतो. उपदेश वाईट नाही. पण उपदेश करणाऱ्याचे वर्तन कसे? ते पाहायला फार लांब जायला नको. शेजारच्या बांगलादेशाचा १९७०-७१ चा इतिहास चाळला तरी पुरे.

तेव्हा तो पूर्व पाकिस्तान होता. लोकसंख्या पश्चिमेपेक्षा जास्त, पण सत्ता, सैन्य आणि तिजोरी पश्चिमेच्या हाती. ७ डिसेंबर १९७० रोजी पाकिस्तानात प्रौढ मतदानाने पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. ज्या प्रौढ मताधिकाराची मागणी बाबासाहेबांनी १९२८ सालीच सायमन कमिशनपुढे केली होती, त्याची ताकद काय असते ते तेथे दिसले. शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगने पूर्वेतील १६२ पैकी १६० जागा जिंकल्या. महिलांच्या राखीव जागा धरून ३१३ च्या सभागृहात त्यांचे १६७ सभासद झाले. स्पष्ट बहुमत! सरकार त्यांचेच व्हायला हवे होते.

पण लष्करशहा याह्याखान यांनी १ मार्च १९७१ रोजी सभागृहाची बैठक लांबणीवर टाकली आणि २५ मार्चच्या रात्री ढाक्यात सैन्य घुसवले. विद्यापीठाच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांना गोळ्या घातल्या. ज्यांनी मत दिले त्यांनाच मारायचे, असा तो न्याय. पुढच्या काही महिन्यांत सुमारे एक कोटी निर्वासित जीव मुठीत धरून भारतात आले.

आणि लोकशाहीचे पहारेकरी काय करत होते? पाकिस्तानी सैन्याच्या हातात त्यांचीच शस्त्रे होती. राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर यांनी निषेधाचा शब्दही काढला नाही. कारण साधे होते. निक्सन यांना चीनशी दोस्ती करायची होती आणि याह्याखान त्यांचे मध्यस्थ होते. जुलै १९७१ मध्ये किसिंजर गुपचूप पेकिंगला गेले, तेही पाकिस्तानातूनच. एका दलालीपुढे साडेसात कोटींच्या मतांची किंमत शून्य ठरली.

परंतु सगळेच गप्प बसले नाहीत. ढाक्यात अमेरिकेचे महावाणिज्यदूत आर्चर ब्लड होते. ६ एप्रिल १९७१ रोजी त्यांच्या हाताखालील २० अमेरिकनांनी सह्या करून वॉशिंग्टनला तार पाठवली. आपले सरकार लोकशाहीची गळचेपी आणि अत्याचार यांचा निषेध करण्यात कमी पडले, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. ब्लड यांनी त्या तारेला आपला पाठिंबा जोडला. साहेबाच्या मर्जीविरुद्ध कागदावर सही करणे म्हणजे काय, हे आम्ही नोकरदार माणसे चांगले जाणतो. ब्लड यांना ढाक्याहून हलवण्यात आले.

पाकिस्तानला शस्त्रे देणे थांबवले, असे सरकार सांगत होते. प्रत्यक्षात जुन्या परवान्यांवर माल जातच होता. तेव्हा फिलाडेल्फियाच्या गोदी कामगारांनी पाकिस्तानी जहाजावर माल चढवायला नकार दिला! ज्यांची रोजी त्या मालावर, त्यांनी हे केले. म्हणून अमेरिकन सरकार आणि अमेरिकन जनता यांना एकाच मापाने मोजू नये.

डिसेंबरात युद्ध पेटले तेव्हा निक्सन यांनी आपले आरमार बंगालच्या उपसागरात धाडले. तरीही १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाका मुक्त झाले. अमेरिकेने बांगलादेशाला मान्यता दिली ती एप्रिल १९७२ मध्ये.

हा एकच प्रसंग म्हणावा, तर त्याच १९७० साली दक्षिण अमेरिकेतील चिली देशात आयेंदे रीतसर निवडून आले होते. त्यांना सत्तेवर येऊ न देण्यासाठी याच जोडीने गुप्तहेर खात्याला कामाला लावले. ११ सप्टेंबर १९७३ रोजी तेथे लष्कराने सत्ता बळकावली. त्याच्या पुढच्याच महिन्यात किसिंजर यांना शांततेचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले!

बोट दुसऱ्याकडे दाखवताना आपल्याकडेही पाहावे. ब्रह्मदेशात ऑंग सान स्यू की नजरकैदेत होत्या, तेव्हा २००४ साली आपल्या सरकारने तेथील लष्करप्रमुख थान श्वे यांचे दिल्लीत स्वागत केले. आधी त्याच बाईंना आपण नेहरू पुरस्कार दिला होता.

तेव्हा वाचकहो, कोणतेही सरकार लोकशाहीच्या नावाने बोलू लागले की दोन प्रश्न विचारा. आपल्या मित्राने मतपेटी तुडवली तेव्हा हे काय बोलले होते? आणि बंदुका कोणाला विकल्या होत्या? मुलांनाही हे प्रश्न विचारायला शिकवा. आपल्या मताचा हक्क कोणी दान म्हणून दिलेला नाही. तो आपण लढून मिळवला आहे. म्हणून दुसऱ्याचे मत तुडवले जाताना गप्प बसणे आपल्याला तरी शोभणार नाही.