मार्गनिर्देशन, हलक्या विमानांचे

नकाशा, होकायंत्र व घड्याळ यांच्या साहाय्याने हलके विमान इष्ट स्थळी नेण्याची पद्धती. जमीन दिसेल अशा हवामानातच ती वापरता येते. उपग्रहाधिष्ठित उपकरणे सर्रास झाल्यावरही वैमानिकाच्या प्रशिक्षणात ती टिकून आहे. कारण उपकरण बंद पडल्यास हाच आधार उरतो.

उड्डाणापूर्वी नकाशावर मार्गरेषा आखून तिचा खऱ्या उत्तरेशी होणारा कोन मोजतात. वारा विमानास बाजूला ढकलतो, म्हणून वेगांचा त्रिकोण काढून विमानाचा रोख ठरवितात. उदा., ठीक पूर्वेस जावयाचे असून हवेतील वेग ताशी १६० किमी. व उत्तरेकडून येणारा वारा ताशी ४० किमी. असल्यास विमानाचे नाक सु. १४.५° उत्तरेकडे ठेवावे लागते आणि जमिनीसापेक्ष वेग ताशी सु. १५५ किमी. उरतो. पुढे चुंबकीय दिक्पाताची दुरुस्ती येते. मुंबईजवळ दिक्पात एका अंशाहूनही कमी आहे. सिॲटलजवळ मात्र तो सु. १५° पूर्व असून तो विसरल्यास १०० किमी.त विमान सु. २६ किमी. भरकटते. विमानातील लोखंड व विद्युत् मंडले यांमुळे होणारे विचलन होकायंत्राजवळच्या तक्त्यावर नोंदलेले असते.

होकायंत्र केवळ सरळ, समतल व स्थिर वेगाच्या उड्डाणात विश्वसनीय असते. उत्तर गोलार्धात पूर्वेस वा पश्चिमेस जाताना वेग वाढविल्यास विमान न वळताही ते उत्तरेकडे वळल्याचे दाखविते.

नवशिका वैमानिक खालचे गाव पाहून ते नकाशावर शोधू लागतो, आणि हवे तसे गाव त्याला सापडतेही! बहुतेक चुकांचे मूळ येथे असते. योग्य क्रम उलट आहे : प्रथम घड्याळ, मग त्या वेळी विमान जेथे असावे ते नकाशावरील स्थान, व शेवटी जमीन. लोहमार्ग, मोठ्या नद्या व किनारा या खुणा भरवशाच्या. लहान तलाव उन्हाळ्यात आटतात, तर रस्ते फार व एकसारखे असतात. ६० किमी. अंतरात १ किमी. बाजूला गेल्यास दिशेची चूक सु. १° धरतात. चार्ल्स लिंडबर्ग यांनी १९२७ मध्ये न्यूयॉर्क–पॅरिस उड्डाणात अटलांटिक महासागर अशाच गणिताने ओलांडला.

वाट चुकल्यास दिशा वारंवार बदलणे घातक होय, कारण इंधन संपत असते व अखेरचे खात्रीचे स्थानही निरुपयोगी होते. नदीकाठचे विमानतळ गाठावयाचे असल्यास मुद्दाम त्याच्या एका बाजूस रोख धरतात. म्हणजे नदी दिसताच कोणीकडे वळावयाचे याविषयी संदेह राहत नाही.